शेजारच्या दीर्घिकांतली कृष्णविवरं कशी ओळखतात? क्ष-किरण आणि रेडिओ स्रोतांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औंढा नागनाथला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, येणार हे पक्कं झालं आणि मराठवाड्यात कृष्णविवरांबद्दलचे प्रश्न एकदम वाढले. आकाशदर्शनाच्या रात्री, कॉलेजातल्या व्याख्यानानंतर आणि मग व्हॉट्सॲपवर फिरून फिरून तेच विचारलं जातं. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. सोपे आधी, वाकडे शेवटी. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. कृष्णविवरातून उजेडसुद्धा सुटत नाही म्हणता, मग हे क्ष-किरण आणि रेडिओ लहरी येतात कुठून?

विवराच्या बाहेरून. जोडीच्या ताऱ्याचा वायू विवराकडे ओढला जातो. तो सरळ आत पडत नाही, भोवती फिरत फिरत त्याची चकती होते. ताऱ्याएवढ्या कृष्णविवराभोवती या चकतीची आतली कड कोटभर अंशांच्या आसपास तापते, आणि इतकी तापलेली वस्तू क्ष-किरणांत चमकते. काही वायू आत न जाता दोन्ही बाजूंना झोतांच्या रूपात फेकला जातो. त्या झोतांमधले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या जवळपास वेगाने गिरक्या घेतात, त्यातून रेडिओ लहरी निघतात.

या शोधाची सुरुवातच क्ष-किरण आणि रेडिओ या दोघांच्या जोडीने झाली. हंस तारकासमूहातला 'सिग्नस एक्स-१' हा स्रोत १९६४ मध्ये रॉकेटवरच्या उपकरणांना दिसला, पण त्याची जागा इतकी ढोबळ होती की नेमका कोणता तारा ते कळेना. १९७१ मध्ये त्याच भागात एक रेडिओ स्रोत उगवला, त्याची जागा नेमकी मोजता आली, आणि तिथे एचडीई २२६८६८ हा निळा तारा सापडला. तो ५.६ दिवसांत न दिसणाऱ्या कशाभोवती तरी फिरत होता. त्या न दिसणाऱ्याचं वस्तुमान आज सूर्याच्या सुमारे २१ पट धरतात.

२. "जवळच्या दीर्घिका" म्हणजे किती जवळ? आपल्या आकाशगंगेतच शोधलेलं सोपं नाही का?

देवयानी (एम ३१) सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं, त्रिकोणातली एम ३३ सुमारे २७ लाख, सप्तर्षीकडची एम ८२ साधारण १ कोटी २० लाख. कन्या राशीतली एम ८७ साडेपाच कोटींवर आहे. तिलाही लोक जवळची म्हणतात, आणि या धंद्यात ते चालतं.

आकाशगंगेत शोधतातच. पण आपण तिच्या चकतीतच बसलोय, त्यामुळे मध्ये धूळ येते आणि बऱ्याच स्रोतांचं अंतर धड कळत नाही. अंतर माहीत नसेल तर समोरचा दिवा खरा किती मोठा, हेच सांगता येत नाही. देवयानीतल्या सगळ्या स्रोतांचं अंतर मात्र एकच धरता येतं, त्यामुळे कोण कुणापेक्षा किती तेजस्वी ते लगेच मांडता येतं. शिवाय सगळे एकाच फोटोत मावतात.

३. आमच्या शाळेच्या दुर्बिणीतून यातलं काही दिसेल का?

दीर्घिका दिसेल, कृष्णविवर नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावाबाहेरच्या माळावर गेलात तर देवयानी नुसत्या डोळ्यांनीही फिकट डागासारखी दिसते. एम ८२ ला दुर्बीण लागते, चैत्राच्या आसपास संध्याकाळी उत्तरेला शोधा. मोठा मॅजेलन मेघ, जिथे एलएमसी एक्स-१ आणि एक्स-३ ही प्रसिद्ध कृष्णविवरं आहेत, लातूरहून क्षितिजावर जेमतेम दोन अंश येतो. म्हणजे नाहीच म्हणा.

क्ष-किरण तर वातावरणातच अडतात. म्हणून त्यांच्या दुर्बिणी अवकाशात: १९९९ साली गेलेल्या चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन, २०१२ ची न्यूस्टार. चंद्राला नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं आहे. रेडिओ लहरी जमिनीपर्यंत येतात, पण त्या टिपायला किलोमीटरभर अंतरांवर पसरलेल्या तबकड्या एकत्र जोडाव्या लागतात.

४. क्ष-किरणांच्या फोटोत दीर्घिकेवर ठिपका दिसला. तो कृष्णविवरच असणार ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

दीर्घिकेवर दिसणारा ठिपका दीर्घिकेतलाच असेल असं नाही. चंद्रा दुर्बीण आकाशाच्या रिकाम्या तुकड्याकडे पुरेसा वेळ रोखली तरी डझनांनी ठिपके येतात. ते अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या क्वेसारांचे आणि सक्रिय केंद्रकांचे, म्हणजे महाकाय कृष्णविवरामुळे झगझगणाऱ्या दीर्घिकांच्या मध्यांचे असतात. म्हणजे देवयानीच्या फोटोतही देवयानीच्या मागचे कितीतरी घुसलेले असतात. यातली गंमत अशी की तेही कृष्णविवरंच, पण आपण शोधतोय ती नव्हेत. उलट बाजूला, आपल्याच आकाशगंगेतला एखादा सळसळता लाल बटू (छोटा, थंड तारा) मध्ये येतो. त्याला गाळणं सोपं आहे: ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गैया उपग्रहाच्या यादीत तो जागेवरून सरकताना दिसतो.

दीर्घिकेतले खरे स्रोतही तीन-चार जातींचे असतात. सुपरनोव्हाचे अवशेष, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा तापलेला वायू. त्यांचे क्ष-किरण मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे असतात (जास्त ऊर्जेचे ते कडक), बहुतेक २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली, आणि वर्षानुवर्षं तेवढेच राहतात. मग पृष्ठभागावर अणुज्वलन चाललेले श्वेतबटू (सूर्यासारख्या ताऱ्यांचे उरलेले गाभे), अतिशय मऊ. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (फुटलेल्या मोठ्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) जोड्या, ज्या कृष्णविवरांच्या जोड्यांसारख्याच दिसतात. त्यांच्यासाठी प्रश्न १२ पाहा.

म्हणून आधी दोन गोष्टी पाहायच्या: ठिपका कमी-जास्त होतो का, आणि त्याचे फोटॉन मऊ की कडक. एका रात्रीत दुप्पट होणारा स्रोत सुपरनोव्हाचा अवशेष असू शकत नाही. काही प्रकाशवर्षं पसरलेला वायू एका रात्रीत उजळणार कसा?

५. मग रेडिओ कशाला हवा? क्ष-किरण पुरेसे नाहीत का?

रेडिओ दुसरा साक्षीदार आहे, आणि त्याला वेगळे प्रश्न विचारता येतात. मुख्य प्रश्न असा: कंप्रता वाढवली की तेज किती घटतं? सुपरनोव्हाच्या अवशेषात ते बऱ्यापैकी उतरतं, उतार साधारण उणे ०.५. दूरच्या रेडिओ दीर्घिकांचे पसरलेले भाग त्याहून उतरते, उणे ०.७ ते ०.८. कृष्णविवराच्या पायथ्याशी असलेला आटोपशीर झोत जवळपास सपाट असतो.

मग सपाट दिसला की काम झालं? तसं नाही. नव्या ताऱ्यांनी तापवलेल्या हायड्रोजनच्या ढगांचा उतारही उणे ०.१, म्हणजे जवळजवळ सपाटच. असे ढग सर्पिल दीर्घिकांच्या भुजांमध्ये पावलोपावली आहेत. ते हायड्रोजनच्या लाल प्रकाशात झगझगतात, म्हणून हबलचा किंवा जमिनीवरच्या दुर्बिणीचा फोटो शेजारी ठेवल्याशिवाय रेडिओचा निकाल द्यायचा नाही.

६. क्ष-किरणांचा ठिपका आणि रेडिओचा ठिपका एकाच वस्तूचे, हे कसं ठरवतात?

चंद्राचा "फोटो" म्हणजे मुळात एक लांबलचक यादी असते. प्रत्येक फोटॉनची एक ओळ: कधी आला, संवेदकाच्या कोणत्या चौकटीत पडला, ऊर्जा किती. एक चौकट आकाशात अर्ध्या आर्कसेकंदाची (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग). कैक तास दुर्बीण रोखून एखाद्या अंधूक स्रोताचे जेमतेम आठ-दहा फोटॉन मिळतात आणि त्यांचा मध्य काढून जागा ठरवायची असते. त्यात मूळ चुकीची शक्यता आर्कसेकंदभर. ठिपका फोटोच्या कडेला असेल तर तो पसरट होतो आणि चूक आणखी वाढते. रेडिओची जागा त्यामानाने फारच काटेकोर.

देवयानीच्या अंतरावर एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे १२ प्रकाशवर्षं, एम ८२ च्या अंतरावर जवळपास ५७. एवढ्या जागेत ताऱ्यांचा अख्खा गुच्छ मावतो. "जुळलं" या शब्दावर म्हणूनच पटकन भाळू नये.

यासाठी एक साधी चाचणी आहे आणि ती मला फार आवडते. क्ष-किरणांची पूर्ण यादी मुद्दाम १५–२० आर्कसेकंद बाजूला सरकवायची आणि रेडिओच्या यादीशी पुन्हा जुळवायची. आता जे जुळेल ते निव्वळ योगायोगाने. वेगवेगळ्या दिशांना सरकवून सरासरी काढली की खऱ्या जुळणीत फुकटचे किती ते कळतं. खऱ्या यादीत बारा जुळले आणि सरकवलेल्या यादीतही दहा जुळत असतील, तर हाती काही लागलेलं नाही. ही चाचणी दिली नसेल तर लेख कितीही देखणा असो, मी पुढचं पान जपूनच उलटतो.

७. रेडिओत काहीच दिसलं नाही. म्हणजे तिथे कृष्णविवर नाही?

असं म्हणता येत नाही, आणि याचं गणित वहीवर करता येतं. सिग्नस एक्स-१ आपल्यापासून सुमारे ७,२०० प्रकाशवर्षांवर आहे आणि रेडिओत साधारण १५ मिलिजान्स्की भरतो (जान्स्की हे रेडिओ तेजाचं एकक; मिलि म्हणजे त्याचा हजारावा भाग, मायक्रो म्हणजे दहा लाखावा). तोच उचलून देवयानीत ठेवला तर अंतर जवळपास ३५० पट होतं, तेज त्याच्या वर्गाने घटतं, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास भागायचं. उरतात ०.१२ मायक्रोजान्स्की. अमेरिकेतली व्हीएलए ही २७ तबकड्यांची दुर्बीणही काही तासांत काही मायक्रोजान्स्कींपर्यंतच पोचते.

थोडक्यात, शेजारच्या दीर्घिकेतलं रोजच्यासारखं वागणारं ताऱ्याएवढं कृष्णविवर रेडिओत दिसतच नाही. दिसलं तर ते भडकलेलं आहे, किंवा फार मोठं आहे, किंवा त्याच्या झोतांनी भोवती मोठा बुडबुडा फुगवलाय, किंवा ती प्रश्न ४ मधली भलतीच वस्तू आहे. देवयानीत २०१२ साली असंच एक भडकलं. त्याचा रेडिओ काही दहा मिनिटांच्या अवधीतच कमी-जास्त होत होता. एवढ्या झटपट बदलणारी गोष्ट आकाराने लहानच असणार, म्हणून ते ताऱ्याएवढं कृष्णविवर असल्याचा निष्कर्ष निघाला.

दुसरी अडचण वेळेची. चकती जोरात असताना, म्हणजे क्ष-किरण मऊ आणि भरपूर असताना, झोत बहुधा बंद पडतो. क्ष-किरणांचा फोटो २००१ चा आणि रेडिओचा २०१८ चा घेऊन तुलना केली, तर आपण एकाच वस्तूच्या दोन वेगळ्या अवस्था शेजारी मांडलेल्या असू शकतात.

८. क्ष-किरण आणि रेडिओ दोन्ही मोजले तर कृष्णविवराचं वजन काढता येतं, खरं का?

अंदाज काढता येतो. २००३–०४ मध्ये दोन गटांनी दाखवलं की रेडिओचं तेज, क्ष-किरणांचं तेज आणि वस्तुमान यांचं एक नातं आहे, आणि ते दहा सूर्यांच्या विवरापासून अब्ज सूर्यांच्या विवरापर्यंत टिकतं. लॉगमध्ये मांडलं तर रेडिओ म्हणजे क्ष-किरणांच्या ०.६ पट अधिक वस्तुमानाच्या ०.७८ पट, अधिक एक स्थिरांक. क्ष-किरण सारखेच असतील तर जड विवर रेडिओत जास्त बोलतं.

माळेगावच्या यात्रेत मुरलेला व्यापारी बैलाकडे नुसतं पाहून वजन सांगतो, तसंच हे: बैल की वासरू यात तो चुकणार नाही, पण किलोचा हिशेब त्याच्याकडून मागू नये. या नात्याने काढलेलं वस्तुमान दहापट इकडे किंवा तिकडे असू शकतं. दहा सूर्य की दहा लाख सूर्य, एवढं वेगळं करायला ते पुरेसं आहे. आणि समोर कृष्णविवरच आहे हे धरूनच हे सूत्र चालतं. सुपरनोव्हाच्या अवशेषाचे आकडे घातले तरी ते बिनतक्रार वस्तुमान काढून देतं.

९. औंढ्याच्या लायगोतून हे स्रोत दिसतील का?

नाही. लायगो क्ष-किरण टिपत नाही, रेडिओही नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, खर्च २,६०० कोटी, दोन भुजा ४-४ किलोमीटरच्या. दोन कृष्णविवरं किंवा न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना अवकाशात उठणारी थरथर त्या मोजतील. एकटं बसून वायू गिळणारं विवर लायगोसाठी मुकं असतं.

संबंध येतो तो जागेचा. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली. १३ कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका सापडली, नवव्या दिवशी चंद्राला तिथे क्ष-किरण दिसले, सोळाव्या दिवशी रेडिओ. टकरीनंतर उरलेलं बहुधा कृष्णविवरच असावं. पृथ्वीवर लायगोसारखी केंद्रं जितकी लांब लांब, तितकी आकाशातली जागा नेमकी कळते. औंढ्याचं महत्त्व त्यात आहे.

१०. यात आपल्या देशातल्या दुर्बिणींचं काम काय?

पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या. कमी कंप्रतेच्या रेडिओत ती जगातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी आहे. प्रश्न ५ मधला उतार काढायला कमी कंप्रतेचं टोक लागतं, ते तिच्याकडून मिळतं. २०१५ साली गेलेला ॲस्ट्रोसॅट क्ष-किरण आणि अतिनील एकाच वेळी पाहतो. पण त्याची क्ष-किरणांतली नजर चंद्राइतकी बारीक नाही. दाटीवाटीच्या दीर्घिकेत शेजारशेजारचे स्रोत त्याला वेगळे करता येत नाहीत. १ जानेवारी २०२४ ला गेलेला एक्सपोसॅट क्ष-किरणांचं ध्रुवीभवन मोजतो. तो आपल्याच आकाशगंगेतल्या तेजस्वी स्रोतांसाठी आहे.

११. बीएस्सीच्या मुलांना घरबसल्या यातलं काही करता येईल?

येईल, आणि खर्च इंटरनेटचा. चंद्राच्या स्रोतांची यादी खुली आहे, तीत चार लाखांहून अधिक नोंदी आहेत. व्हीएलएचं २०१७ पासूनचं आकाश-सर्वेक्षण आणि जीएमआरटीचं १५० मेगाहर्ट्झचं सर्वेक्षणही खुलं आहे. टॉपकॅट आणि डीएस९ ही दोन फुकटची सॉफ्टवेअरं उतरवून घ्या. पहिला प्रकल्प म्हणून एकच दीर्घिका घ्या, दोन याद्या जुळवा आणि प्रश्न ६ मधली सरकवण्याची चाचणी करा. जीएमआरटीची चित्रं लोकांकडून तपासून घेणारा 'रॅड ॲट होम' हा उपक्रमही आहे. नांदेड-परभणीकडच्या मुलांनी यासाठी पुण्याला जाऊन राहायलाच पाहिजे असं आता राहिलेलं नाही. स्पेक्ट्रम मात्र नंतर. आधी यादी वाचायला शिका.

१२. कृष्णविवर की न्यूट्रॉन तारा, हे कसं ओळखायचं?

न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग असतो. त्यावर साचलेला वायू कधी कधी एकदम पेटतो आणि काही सेकंदांचा क्ष-किरणांचा भडका उडतो. चुंबकीय क्षेत्र जोरदार असेल तर ठोक्यांसारखी स्पंदनं येतात. यातलं एक जरी दिसलं तर कृष्णविवर बाद. दोन्ही न दिसणं मात्र कृष्णविवराचा पुरावा ठरत नाही.

याचं उत्तम उदाहरण एम ८२ मध्ये घडलं. एका सूर्याच्या वस्तुमानाची वस्तू वायू गिळून किती चमकू शकते याची एक मर्यादा आहे, सेकंदाला सुमारे १.३ × १०^३८ अर्ग (अर्ग हे ऊर्जेचं एकक). काही स्रोत याच्या शंभरपटही चमकतात. ते अर्थातच जड कृष्णविवरं, असं बरीच वर्षं धरलं जात होतं. २०१४ मध्ये एम ८२ मध्ये एक सुपरनोव्हा झाला म्हणून न्यूस्टार तिकडे वळवली होती. तिच्या आकड्यांत १.३७ सेकंदांची नियमित टिकटिक सापडली. ती 'एम ८२ एक्स-२' कडून येत होती. सूर्याच्या दीडपटीच्या आसपास वस्तुमानाचा न्यूट्रॉन तारा आपल्या मर्यादेच्या शंभरपट जळत होता. नंतर एनजीसी ७७९३ आणि एनजीसी ५९०७ मध्येही असे सापडले. तेव्हापासून "फार तेजस्वी, म्हणून कृष्णविवर" हा युक्तिवाद एकटा उभा राहत नाही. एक्स-२ पासून पाचच आर्कसेकंदांवर 'एम ८२ एक्स-१' आहे, त्याच्याहून तेजस्वी, आणि तो मात्र अजूनही मध्यम वजनाच्या कृष्णविवराचा उमेदवार आहे.

१३. दीर्घिकेच्या बरोब्बर मध्यावर ठिपका असेल तर ते महाकाय कृष्णविवरच ना?

एम ३३ पाहा. तिच्या मध्यावर एम ३३ एक्स-८ हा झगझगीत क्ष-किरण स्रोत आहे. पण तिथल्या ताऱ्यांच्या वेगांवरून मध्यावर सूर्याच्या दीड हजारपटीहून जड काही असू शकत नाही. एक्स-८ बहुधा साधं ताऱ्याएवढं कृष्णविवर आहे, मध्यावर येऊन बसलेलं. देवयानीत याच्या उलट: मध्यावर सूर्याच्या १० कोटीपटीहून जड विवर आहे आणि ते इतकं सुस्त की शेजारचे साधे जोडतारे क्ष-किरणांत त्याला सहज मागे टाकतात.

बटू दीर्घिकांत मध्य कुठे हेच धड ठरत नाही. हेनिझ २-१० या सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या छोट्या दीर्घिकेत २०११ मध्ये क्ष-किरण आणि रेडिओ एकाच जागी जुळले. महाकाय कृष्णविवर जाहीर झालं. मग क्ष-किरणांचे रंग नीट तपासल्यावर कुणी म्हणालं, हा सुपरनोव्हाचा अवशेषही असू शकतो. २०२२ मध्ये हबलच्या वर्णपटात त्या जागेतून निघालेला, डुलत जाणारा वायूचा झोत दिसला आणि पारडं पुन्हा कृष्णविवराकडे झुकलं. अकरा वर्षं, एकच ठिपका.

१४. जोडीच्या ताऱ्याचा वेग मोजून वस्तुमान काढलं असेल, तर तरी ते पक्कं ना?

ती सगळ्यात विश्वासाची पद्धत आहे. तीन सूर्यांहून जड आणि अंधारी वस्तू निघाली की ते कृष्णविवर. तरीही आकडे हलतात. एम ३३ एक्स-७ हे ग्रहण लागणारं जोडतारा-कृष्णविवर २००७ मध्ये १५.६५ सूर्यांचं ठरलं होतं. २०२२ च्या नव्या विश्लेषणात ते ११ च्या जवळ आलं. तिथे फरक फक्त आकड्याचा आहे.

आयसी १० एक्स-१ ची गोष्ट जास्त गंभीर आहे. तिथला तारा वुल्फ-रायेट जातीचा, जोरदार वारा सोडणारा. त्याच्या वर्णपटातल्या हेलियमच्या रेषेवरून वेग मोजून विवर २३ सूर्यांहून जड ठरलं आणि काही वर्षं ते सगळ्यात जड तारकीय कृष्णविवरांपैकी एक म्हणून मिरवलं. २०१५ मध्ये क्ष-किरणांच्या ग्रहणाची वेळ वेगाच्या आलेखाशी ताडून पाहिली, तर दोन्ही पाव फेरीने सरकलेले निघाले. म्हणजे ती रेषा ताऱ्याची नव्हतीच. क्ष-किरणांपासून आडोशाला राहिलेल्या वाऱ्याची होती, आणि मोजलेला वेगही वाऱ्याचाच. ताऱ्याचा वेगच माहीत नाही तर वस्तुमान कशावरून काढणार? तिथे न्यूट्रॉन तारा असण्याची शक्यताही त्यामुळे पुन्हा उघडली. त्याच्यासारख्याच एनजीसी ३०० एक्स-१ साठी मग हबलकडून अतिनील रेषा घेतल्या, ज्या ताऱ्याच्या अंगाजवळून येतात, आणि तिथलं विवर सुमारे १७ सूर्यांचं आलं.